पेशीचे हिसके

४ जानेवारी

ही वही आमच्या दंतवैद्यांनी आणून दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी एक फूल आणलं नाही, आणि आता वही. "मनात येईल ते यात लिहीत जा," म्हणाले, "म्हणजे घरात जरा शांतता राहील." शांतता मोडतं कोण, असं मी विचारलं. मी घरात चार शब्दांच्या वर बोलत नाही. त्यावर त्यांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि पेपर उघडला. दात कोरायच्या यंत्राच्या घरघरीत यांचे कान गेले आणि उघड्या तोंडांशी एकतर्फी गप्पा मारण्यात यांचं आयुष्य गेलं. अशा नवऱ्याने मला बोलण्याबद्दल शिकवावं!

तरी लिहिते, कारण यंदा लिहून ठेवण्यासारखं काहीतरी घडणार आहे. माझ्या हिसक्यांवरचा लेख गेल्या वर्षी छापून आला आणि आमच्या विषयातलं सगळं जग त्यावर बोलतं आहे. आमच्या विषयातलं जग म्हणजे एका बसमध्ये मावतील इतकी माणसं, त्यातली निम्मी बिनडोक. पण बोलताहेत.

वहीला समजावं म्हणून सांगते. आमच्या खोलीत मी स्वतः जुळवलेलं एक यंत्र आहे. त्यात लेझरचा किरण एका बिंदूत गोळा करून त्याने एक काचेचा मणी धरून ठेवता येतो, चिमट्यात धरावा तसा. मणी नुसत्या डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक. तो जिवंत पेशीला चिकटवायचा आणि हळूच मागे ओढायचा. पेशीच्या पटलातून च्युइंगगमसारखी एक तार निघते आणि पेशी ती परत आत ओढू लागते. किती जोराने, ते पडद्यावरची रेघ सांगते. सगळ्यांना वाटायचं, ही ओढ एकसारखी असते. मी दाखवलं की जिवंत पेशी हिसके देते. चारसहा हिसके, मग विश्रांती, मग पुन्हा हिसक्यांचा झुबका. मेलेली पेशी देत नाही. संपलं. या एवढ्याशा गोष्टीसाठी माझी उमेदीची वर्षं खर्ची पडली आणि ती मला चार वाक्यांत सांगता येते. आमचे संचालक तीच सांगायला तास घेतात आणि मेलेल्या पेशीचं सांगायचं विसरतात.

९ जानेवारी

वर्तमानपत्राने मथळा दिला: 'पेशी बोलते!' मी असं कुठे म्हटलं होतं? तो बातमीदार पोरगेला माणूस अख्खी मुलाखतभर मान डोलावत होता, तेव्हाच मी ओळखलं की याच्या डोक्यात काही शिरत नाहीये. संचालकांनी मात्र कात्रण मोठं करून प्रवेशद्वाराशी लावलं. माझ्या फोटोपेक्षा त्यांचा फोटो मोठा.

या संचालकांना मी गोडबोल्या म्हणते. मनातल्या मनात, अर्थात. आज लिफ्टमध्ये शिरले तर पुढे तेच उभे. मनात आलं, आला गोडबोल्या, आता दात दाखवील. त्यांनी चमकून मागे पाहिलं आणि खरंच दात दाखवले. अपराधी माणसाला चेहऱ्यावरूनच कळतं, आपल्याबद्दल कोण काय विचार करतंय ते.

१५ जानेवारी

मौनीबाईबद्दल लिहायचं टाळत होते, कारण लिहिलं की रक्तदाब वाढतो.

ही माझी विद्यार्थिनी. डॉक्टरेटचं काम करते असं कागदोपत्री म्हणतात. कधी येते, कधी जाते, कळत नाही. दहा प्रश्न विचारावेत तेव्हा एक "हो मॅडम" मिळतं. खडकावरच्या शेवाळासारखी नुसती चिकटून बसलेली. तिचा प्रबंध माझ्या हिसक्यांवर आहे, आणि तिला आजतागायत एकही हिसका मिळालेला नाही! जिवंत, टवटवीत पेशी हातात द्या, हिच्या हाताखाली ती मेल्यासारखी सरळ रेघ काढते.

मेलेल्या पेशी तेवढ्या तिला छान जमतात. तुलनेसाठी त्या मोजाव्याच लागतात, आणि असलं कंटाळवाणं काम मी का करू? लेखातल्या जिवंत पेशी सगळ्या मी मोजल्या, मेलेल्या सगळ्या तिने. तिच्या ढीगभर रेघांत एक हिसका नाही. काम चोख, पण त्याला अक्कल लागत नाही.

खोलीच्या दारावर मी पाटी लावली आहे: 'आत काम चालू असताना बोलू नये.' आवाजाने मणी हलतो, हे शेंबड्या पोरालाही समजेल, पण पाटी नसती तर हे सगळे आत गप्पा छाटत बसले असते. मौनीबाईला पाटीची गरज नाही. ती पाटी नसती तरी मूग गिळूनच बसली असती.

१६ जानेवारी

मौनीबाई चहा घेऊन आली. एक घोट घेतला आणि मनात म्हटलं, पाक आहे की चहा. ती मुकाट्याने कप उचलून घेऊन गेली आणि बिनसाखरेचा आणला. एवढी एक समज आहे पोरीला.

२१ जानेवारी

शंकासुराचा मेल. हा माझ्याबरोबर एकाच मार्गदर्शकाच्या हाताखाली शिकला. आता दूरच्या एका संस्थेत मोठ्या खुर्चीवर बसून सगळ्यांच्या कामावर शंका काढतो. लिहितो, 'आम्ही तुझा प्रयोग जसाच्या तसा केला. हिसके दिसत नाहीत. काही राहून जातंय का?'

राहून जातंय ते तुझ्या हातात रे बाबा! हा विद्यार्थी असताना याने उचललेली प्रत्येक काचपट्टी फुटायची. यंत्राला पेटीत बंद करतो, कानात बोळे घालून बसतो, सोबतच्यांना श्वास घेऊ देत नाही म्हणे. घाबरट माणसं असंच करतात. मी माझ्या पेटीचं पुढचं दार उघडंच ठेवते. आत सारखा हात घालावा लागतो, आणि माझा हात स्थिर आहे.

२२ जानेवारी

काय दिवस होता! मेलचा राग घेऊनच यंत्रावर बसले. खोलीत एकटी, दार लावलेलं, पूर्ण शांतता. मनातल्या मनात शंकासुराची अशी बिनपाण्याने केली की तो समोर असता तर रडला असता. त्याच्या काचपट्ट्या काढल्या, त्याची खुर्ची काढली, मार्गदर्शकांच्या पुढेपुढे करायचा तेही काढलं. आणि पेशीने असे काही हिसके दिले, की आजवरच्या सगळ्या रेघा फिक्या पडाव्यात! झुबक्यावर झुबका. एकेक हिसका लांब आणि ठसठशीत. पेशी जणू माझ्या बाजूने भांडत होती. रेघ त्याला पाठवून दिली. सोबत एक शब्द लिहिला नाही.

बाहेर आले तर मौनीबाई दारापाशी उभी, चेहरा पडलेला. "मॅडम, सगळं ठीक आहे ना?"

"इतकं ठीक कधीच नव्हतं," मी म्हटलं. यश पाहिलं की या लोकांचे चेहरे पडतात.

३ फेब्रुवारी

सकाळी नाश्त्याला मनात आलं की यांची बहीण येऊन राहिली की घरातले सगळे डबे जागा बदलतात. आमचे दंतवैद्य पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "या वेळी दोनच दिवस राहणार आहे." कानाने अधू, पण मनातलं ऐकू येतं! नवऱ्यांना आपल्या बहिणींच्या बाबतीत हे एक इंद्रिय जास्त असतं.

मग चिडून याच वहीच्या शेवटच्या पानांवर त्या बहिणीबद्दल भरभरून लिहिलं. ती पानं नंतर फाडली, ती गोष्ट वेगळी. मन अगदी धुतल्यासारखं हलकं झालं. मजेत कामाला गेले.

पेशी मात्र आज मरगळलेल्या. दिवसभरात दोनचार फुसके हिसके. मौनीबाईने पेशी वाढवताना काहीतरी माती खाल्ली असणार.

१७ फेब्रुवारी

घसा बसला आहे. डॉक्टर म्हणाले, कुजबुजसुद्धा करायची नाही. मला काय फरक पडतो? मी बोलतेच कुठे? घरी मात्र आमचे दंतवैद्य दिवसभर कानात यंत्र घालून हिंडत आहेत, शीळ वाजवत.

यंत्रावर बसले. काही नाही. सरळ रेघ. पेशी बदलल्या, मणी बदलले, लेझर तपासला. सरळ रेघ.

२० फेब्रुवारी

तेच. घसा तसाच आणि पेशीही तशाच. मौनीबाईला कागदावर लिहून दिलं: 'तुझ्या पेशी मेलेल्या आहेत. तुझ्यासारख्या.' तिने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. मग कधी नव्हे ते आपणहून बोलली. "मॅडम, तुमचा घसा बसल्यापासून हिसके गेलेत."

मी लिहिलं: 'मग औषध पेशींना देऊ का?'

२७ फेब्रुवारी

घसा सुटला, आणि हिसके परत! म्हणजे या आठवड्याच्या पेशी चांगल्या निघाल्या. हिच्या हातून चुकून चांगलं घडतं ते असं.

६ मार्च

गोडबोल्याने बोलावून घेतलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, माझ्या तब्येतीची चौकशी केली. तेव्हाच समजले की सुरी परजून ठेवली आहे.

"बाई, तुमच्या कामाचा आम्हाला अभिमान आहे," ते म्हणाले. "फक्त बाहेरून थोडी कुरकुर आहे. तीन ठिकाणी हिसके दिसले नाहीत. तेव्हा एक समिती येऊन बघेल. औपचारिकता हो, दुसरं काही नाही."

"या. माझ्या हाताने दाखवते."

"तिथेच तर गोम आहे. तुमच्या हाताने दिसतात, हे सगळ्यांना मान्यच आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने दिसले पाहिजेत. तुमची विद्यार्थिनी आहे ना? तिने दाखवावेत. दाखवले की लेखही पक्का, तिची डिग्रीही पक्की. नाही दाखवता आले तर..." पुढचं वाक्य त्यांनी हसण्यावारी नेलं. नाही दाखवता आले तर लेख मागे, तिचा प्रबंध रद्द, आणि माझी खोली मेंदूवर काम करणाऱ्या त्या भोंगळ गटाला, जो उंदरांना गाणी ऐकवतो.

समितीचा प्रमुख कोण? शंकासूर. आणखी कोण असणार.

माझं सगळं काम आता त्या शेवाळाच्या हातात. तिच्या चुकीने माझी उमेदीची वर्षं कचऱ्यात जाणार.

८ मार्च

तालीम सुरू. मौनीबाई यंत्रावर, मी बाहेर. सरळ रेघ. तिला सांगितलं, एवढंसं जमत नसेल तर आत्ताच घरी जा, आईवडिलांना सांग की तुम्हाला एक दगड झाला. ती गेली नाही. रडलीही नाही. मला ती रडली असती तर बरं वाटलं असतं, हे इथे लिहिते, कारण इथे कुणी वाचत नाही.

१० मार्च

सापडलं! तिला धाक लागतो. आज मी आत तिच्या पाठीशी उभी राहिले. तोंडातून चकार शब्द काढला नाही, नुसती उभी. मनात मात्र तिच्या हातांबद्दल, मेंदूबद्दल आणि वेणीबद्दलही जे यायचं ते आलं. आणि रेघेवर हिसके! तिच्या हाताने! तिची पाठ ताठ झाली होती. मधे एकदा तिने पेटीचं दार बंद करायला हात पुढे केला, मी तिचा हात बाजूला केला.

नंतर म्हणाली, "मॅडम, तुम्ही मागे उभ्या राहिलात तरच येतात."

"मग राहीन की! तुझ्यासाठी पायही मोडून घेते."

समिती काही मला खोलीबाहेर काढणार नाही. वाचले.

१३ मार्च

तीन दिवस तेच. मी मागे असले की हिसके, पाणी प्यायला गेले की सरळ रेघ. इतकं परावलंबी माणूस मी पाहिलं नाही.

१४ मार्च

आज जे झालं ते सरळ लिहिते.

मौनीबाई यंत्रावर होती, मी मागे. नेहमीसारखे हिसके. सुरेख रेघ, जवळपास शंकासुराला पाठवली होती तेवढी सुरेख. मी म्हटलं, "बघ, जमतंय की."

ती खुर्ची फिरवून माझ्याकडे वळली. हात मांडीत घट्ट धरलेले. "मॅडम, पेशी नाहीये."

"कुठे नाहीये?"

"यात. आज मी पेशी लावलीच नाही. नुसतं पाणी आणि मणी."

मी तिला बाजूला सारून सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पाणी. त्यात एकटा मणी, किरणात धरलेला. मी तोंडाला येईल ते बोलले. फसवलंस, माझ्या यंत्राशी खेळलीस, उद्यापासून तोंड दाखवू नकोस, असं बरंच. माझा श्वास संपला तेव्हा थांबले.

तिने पडद्याकडे बोट दाखवलं. नोंद चालूच होती. माझा श्वास जिथे संपला होता तिथे रेघ सरळ झाली होती. त्याच्या आधी हिसक्यांचे झुबके, मध्ये विश्रांती, आणि प्रत्येक विश्रांती मी दम घेतला होता तेवढीच लांब. एका विश्रांतीत दोन इवलेसे हिसके होते.

"ते काय?" मी विचारलं.

"मी 'हो मॅडम' म्हटलं होतं."

१४ मार्च, संध्याकाळी

पण ते तर मी मोठ्याने बोलले म्हणून. बाकीच्या वेळी मी गप्प असते. हे तिला सांगितलं तर ती नुसती पायाकडे बघत राहिली.

जेवताना आमच्या दंतवैद्यांना विचारलं, "अहो, मी बोलते का? एकटी असताना?"

त्यांनी यंत्र कानात घातलं आणि पुन्हा विचारायला लावलं. मग म्हणाले, "अगं, मला वाटलं तुला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून असणार. पहिल्यांदा भेटायला आलो तेव्हा तू माझ्या बुटांबद्दल बोललीस. मला वाटलं, बाई स्पष्टवक्ती आहे. आवडलीस."

"आणि तुमची बहीण?"

"तिला सगळं माहीत आहे. ती डबे मुद्दाम हलवते."

मी ताट तसंच ठेवून उठले. लिफ्ट. चहा. शंकासुराला हाणलं तो दिवस. दाराबाहेर उभी असलेली ती पोर. या माणसांनी इतकी वर्षं मला ऐकलं, आणि एकानेही तोंड उघडलं नाही! उघडलं असतं तर मी त्यांचं काय केलं असतं, ते मला चांगलं माहीत आहे. तरी राग येतो. सगळ्यांत जास्त राग पेशीचा येतो, जी कधी एक शब्द बोलली नाही.

१६ मार्च

दोन दिवस घराबाहेर पडले नाही. तोंडावर रुमाल बांधून बसले आणि तरी रुमाल हलताना पाहिला.

जिवंत पेशी सगळ्या मी मोजल्या, मेलेल्या सगळ्या तिने. मी बडबडत, ती गप्प. यापेक्षा मूर्खपणाची मांडणी शंकासुरालाही सुचली नसती. पहिल्या वर्षाच्या पोराने केली असती तर मी त्याला खिडकीतून बाहेर टाकलं असतं.

१७ मार्च

मौनीबाई घरी आली. आमच्या दंतवैद्यांनी तिला आत घेतलं आणि स्वतः, कधी नव्हे ते, चहा केला. मी तिला वाट्टेल ते बोलून हाकललं होतं, आणि ही माझ्या सोफ्याच्या टोकावर बसून चहा फुंकत होती.

"समिती सोमवारी येतेय," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुम्ही मागे उभ्या राहिलात तर हिसके येतील. त्यांना कळणार नाही. तुमची बडबड... म्हणजे, इतकं हळू असतं, यंत्राच्या पंख्यात ऐकू येत नाही. सवयीच्या कानालाच येतं."

"मग?"

"माझी डिग्री होईल. तुमचा लेख राहील." कप खाली ठेवून म्हणाली, "पण मला माहीत असेल."

मी तिला विचारलं, मग पेशी न लावण्याचा खटाटोप कशाला केलास, आधीच सरळ सांगायचं. ती म्हणाली, "घसा बसला होता तेव्हा सांगितलं होतं. तुम्ही पेशींना औषध देऊ का म्हणालात."

पुढे आणखी म्हणाली, "मॅडम, मला काय करायचं ते सांगा. मी करीन." आणि माझ्याकडे बघत राहिली, अशी की मला उठून खिडकीशी जावं लागलं. भित्री पोर नाही ही. भित्री असती तर सोपं झालं असतं.

मी काही सांगितलं नाही. म्हणजे मला वाटतं, मी काही सांगितलं नाही. आता कशाचीच खात्री राहिली नाही.

२० मार्च

समिती आली. शंकासूर जाड झाला आहे. सोबत दोन जण, एक डुलक्या घेणारा आणि एक ज्याला सगळंच 'फारच रंजक' वाटतं. गोडबोल्या हजर, फोटोवाल्यासकट. या खोलीत तो आजवर फोटोपुरताच आला आहे.

मौनीबाई यंत्रावर बसली. जिवंत पेशी, मणी, तार. मी तिच्या मागे उभी राहिले, नेहमीच्या जागी. ओठ दातांनी असे दाबून धरले की रक्ताची चव आली. रेघ सरळ. सगळे बघताहेत. रेघ सरळ. गोडबोल्याने घसा खाकरला तेव्हा एक बारीक हिसका आला, तो माझ्याशिवाय आणि तिच्याशिवाय कुणी पाहिला नाही.

एवढंच करायचं होतं की ओठ सोडायचे. नेहमीसारखं मनातल्या मनात. लेख राहिला असता, खोली राहिली असती, तिची डिग्री झाली असती. मौनीबाई मागे न बघता नुसती वाट बघत होती. तिची मान मला दिसत होती.

शंकासूर हळूच म्हणाला, "नाही दिसत ना?" त्याच्या आवाजात आनंद नव्हता, त्यामुळे आणखीच संताप आला.

मी म्हटलं, "पेशी काढ. नुसता मणी लाव."

तिने काढली. मणी पहिल्या झटक्यात धरला. सगळ्यांनी पाहिलं: पाणी, मणी, बाकी काही नाही. रेघ सरळ.

"आता बघा," मी म्हटलं, आणि तोंडाचा पट्टा सोडला. आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून. गोडबोल्याला सांगितलं की तुम्ही विज्ञानातले फक्त फोटो समजता आणि तुमच्या हसण्याने मला दातदुखी होते. डुलक्या घेणाऱ्याला सांगितलं की झोपायचंच तर घरी झोपावं, तिथे निदान पांघरूण असतं. रेघ थयथया नाचत होती, झुबक्यामागून झुबका, लेखात छापली तशीच, हुबेहूब. 'फारच रंजक' म्हणणारा खुर्ची ओढून पडद्याला चिकटला. मग शंकासुराकडे वळले. "आणि तू! काचपट्टी धरता येत नाही तुला, कानात बोळे घालून बसतोस, आणि तरी या वेळी तूच बरोबर आहेस. याचा मला किती संताप येतोय, तो त्या पडद्यावर बघ."

तो दिवसातला सगळ्यांत मोठा हिसका होता.

मी थांबले. रेघ सरळ झाली. मी म्हटलं, "हे माझं संशोधन. पेशीचं यात काही नाही. हे हिने शोधून काढलं, मी नाही. तेव्हा प्रबंध रद्द करायचा असेल तर आधी ही रेघ समजून घ्या, समजत असेल तर."

फोटोवाल्याने विचारलं, फोटो काढू का. गोडबोल्या नाही म्हणाले. पहिल्यांदाच.

२९ मार्च

लेख मागे घेतला. माझ्या हाताने पत्र लिहिलं. तीन ओळी पुरल्या, बाकी दिवस रडण्यात गेला. आमचे दंतवैद्य शेजारी बसून राहिले, यंत्र कानात घालून. "बोल," म्हणाले. बोलायला काही सुचलं नाही.

खोली सध्या आहे. उंदीरवाल्यांना गोडबोल्याने थांबायला सांगितलं. शंकासुराने त्याला काय सुनावलं ते मला ठाऊक नाही, आणि मी त्याचे आभार मानणार नाही.

मौनीबाईचा प्रबंध नव्याने: अशा मोजमापांत आवाज कसा शिरतो आणि तो कसा ओळखावा. परीक्षक शंकासूर. शिवाय ती म्हणते, तिच्या गप्प बसून काढलेल्या जिवंत पेशींच्या रेघांत एक मंद उतार आहे, मेलेल्यांत नाही. असेल. मी त्या रेघा कधी पाहिल्याच नव्हत्या. सरळ होत्या म्हणून.

१२ एप्रिल

आज तिचा उतार बघायला यंत्रावर बसले. एकटी. तोंड घट्ट मिटलेलं. जिवंत पेशी, मणी, तार. रेघ हळूहळू, कळेल न कळेल अशी खाली येत होती. काही नाही त्यात, कुणी मथळा देणार नाही. पण बराच वेळ बघत बसले.

मनात आलं, या पोरीने मला जन्माची अद्दल घडवली आणि एकदाही आवाज चढवला नाही. इतके विद्यार्थी आले, सगळे बोलघेवडे, आणि त्या सगळ्यांची अक्कल एकत्र केली तरी हिच्या करंगळीएवढी भरणार नाही. मी हिला शेवाळ म्हटलं, दगड म्हटलं. मला त्याची लाज वाटते. हे तिला एकदा सांगायला हवं. पण सांगितलं तर डोक्यावर बसेल, तेव्हा राहू दे.

रेघ थरथरायला लागली. एक झुबका, मग दुसरा.

मागे वळून पाहिलं. दार अर्धवट उघडून मौनीबाई उभी होती. कान लालबुंद, आणि हसू दाबायला ओठ आत ओढून धरलेले, मी समितीपुढे धरले होते तसे.

"मॅडम," ती म्हणाली आणि दारावरच्या पाटीवर बोट ठेवलं. "आत काम चालू असताना बोलू नये."